पायलट शिडी चढायला नकार देतो तेव्हा: बंदर-पायलटांच्या संघटना नेमकं काय करतात?

मालवाहू जहाज बंदराबाहेर आलेलं असतं, वेग सहा-सात नॉट, म्हणजे ताशी 11 ते 13 किलोमीटर. जहाज बंदरात आणणाऱ्या स्थानिक जाणकाराला, म्हणजे पायलटला, घेऊन आलेली छोटी बोट, लॉन्च, त्याच्या बाजूला लागते. वरून दोरीची शिडी सोडलेली असते. पायलट ती वरपासून खालपर्यंत निरखतो, एक दोर हाताने ओढून पाहतो आणि लॉन्चच्या सारंगाला बाजूला व्हायला सांगतो. मग रेडिओवर जहाजाच्या कॅप्टनला कळवतो की शिडी नीट बांधा, त्याशिवाय मी वर येणार नाही.

एवढ्या एका वाक्याने बरंच काही अडतं. जहाज ओढणारे-ढकलणारे टग ठरल्या वेळी निघालेले असतात. धक्क्यावर क्रेन आणि माणसं जुळवून ठेवलेली असतात. जहाजाचं एका दिवसाचं भाडं लाखोंच्या घरात असतं, आणि भरतीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. एजंटचे फोन सुरू होतात. त्या वेळी हलत्या लॉन्चवर उभा असलेला पायलट मात्र एकटाच असतो. त्याचा नकार टिकावा, त्यापायी त्याच्यावर कुणी डूख धरू नये आणि तेच जहाज तीच शिडी घेऊन पुढच्या बंदरात जाऊ नये, यासाठी पायलटांच्या संघटना लागतात. प्रशिक्षण, कायदा, दर, कामाचे तास हे त्यांचे बाकीचे विषयही फिरून याच ठिकाणी येतात.

हा पायलट करतो काय?

समुद्रात जहाज चालवणं कॅप्टनचं काम. पण प्रत्येक बंदराचं पाणी वेगळं असतं. गाळ कुठे साचतो, ओहोटीचा ओढ कोणत्या वळणावर आडवा येतो, कोणत्या बोयाजवळ मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, कोणता टग किती जोर लावतो, हे वर्षातून एकदा येणाऱ्या कॅप्टनला ठाऊक असणं शक्य नाही. म्हणून बंदराबाहेर एक स्थानिक जाणकार जहाजावर चढतो आणि ते धक्क्याला लावून देतो. जाताना तोच किंवा दुसरा पायलट जहाज बाहेर काढून देतो. आपल्याकडे 1908च्या भारतीय बंदर कायद्यातल्या 31व्या कलमाने, ते कलम लागू केलेल्या बंदरांमध्ये, 200 टन आणि त्यापुढच्या जहाजाला पायलट सक्तीचा केला. तो कायदा शतकभर चालला. त्याची जागा आता 2025च्या नव्या बंदर कायद्याने घेतली आहे.

इथे एका गोष्टीबद्दल नेहमी गैरसमज होतो. पायलट ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीत, उभा राहून सुकाणूचे आणि इंजिनाचे हुकूम देतो, तरी जहाजाची अंतिम जबाबदारी कॅप्टनचीच राहते. पायलट चुकतोय असं दिसलं तर कॅप्टनने हस्तक्षेप करायचा असतो. याला ठळक अपवाद पनामा कालव्याचा. तिथे जहाजाचा ताबा पायलटकडे जातो. बाकी जगात कॅप्टन आणि पायलट हे एकमेकांना अर्ध्या तासापूर्वी भेटलेले दोन अनोळखी लोक एकच जहाज मिळून चालवत असतात. बऱ्याचदा दोघांची मातृभाषा वेगळी असते आणि रात्रीचे तीन वाजलेले असतात.

त्यामुळे वर चढल्यावर पहिलं काम म्हणजे माहितीची देवाणघेवाण. कॅप्टन पायलट कार्ड पुढे करतो. त्यात लांबी, रुंदी, पुढचा आणि मागचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्याखाली किती बुडालं आहे ते, इंजिनाचे टप्पे आणि त्या त्या टप्प्याला मिळणारा वेग, नांगर तयार आहेत का, बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक आडवं ढकलणारा पंखा, चालतो का, हे असतं. पायलट आपला आराखडा सांगतो: कुठे वेग कमी करायचा, किती टग, दोर कुठे द्यायचे, कोणत्या बाजूने धक्क्याला लावायचं, आणि बेत फसला तर कुठे थांबायचं. घाईत हीच पाच मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. एखादं इंजिन उलटं फिरवायला तीनदा प्रयत्न करावे लागतात ही गोष्ट कार्डावर नसते. ती पायलटला चॅनेलच्या मध्यावर समजली तर फार उशीर झालेला असतो.

पायलटच्या डोक्यात सतत चालू असलेला एक हिशेब म्हणजे स्क्वॅट. उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं की तळाखालचं पाणी जोरात वाहतं, दाब घटतो आणि जहाज खाली बसतं. ठोकताळ्याचं सूत्र सोपं आहे: नॉटमधल्या वेगाचा वर्ग घ्या, 100ने भागा आणि जहाजाच्या पोटाच्या भरीवपणाच्या गुणांकाने गुणा. भरलेल्या टँकरचा गुणांक साधारण 0.8. म्हणजे 12 नॉटला ते मोकळ्या उथळ पाण्यात सुमारे 1.15 मीटर खाली बसेल. अरुंद चॅनेलमध्ये ही बैठक दुप्पट होते, म्हणजे 2.3 मीटर. वेग सहावर आणला की ती चौथ्या हिश्श्यावर, अर्ध्या मीटरच्या आसपास येते. तळाखाली जेमतेम दीड मीटर पाणी असताना कॅप्टन ‘जरा लवकर आटपा’ म्हणाला, तर पायलट नाही का म्हणतो ते या आकड्यांवरून कळेल.

वाऱ्याचाही असाच हिशेब आहे. 366 मीटर लांबीच्या, वरपर्यंत कंटेनर रचलेल्या जहाजाची एक बाजू साधारण 12,000 चौरस मीटरची भिंत असते. 25 नॉटचा आडवा वारा त्या भिंतीवर दर चौरस मीटरला 10 किलोच्या आसपास रेटा देतो. एकूण झाला 120 टन. साठ टन ओढणारे दोन टग पूर्ण ताकदीने लावले तरी जहाज फक्त जागच्या जागी राहील. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून ‘आणखी एक टग हवा’ असं पायलट सांगतो तेव्हा बिल वाढतं हे खरं, पण ती मागणी याच हिशेबातून आलेली असते.

आणि काही बंदरांत गणितापलीकडे हाताची सफाईच लागते. मुंबईची इंदिरा गोदी, म्हणजे 1914 साली सुरू झालेली जुनी अलेक्झांड्रा गोदी, घ्या. तिच्यात शिरायचं तर 228.6 मीटर लांब आणि 30.5 मीटर रुंद अशा लॉकमधून, म्हणजे दारं लावून पाणी कोंडता येणाऱ्या अरुंद वाटेतून, जावं लागतं. 28 मीटर रुंदीचं जहाज आत घेतलं तर प्रत्येक अंगाला सव्वा मीटर जागा उरते. बाहेर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो बराच कमी असतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो. हे काम पुस्तक वाचून येत नाही. आधी अनुभवी पायलटबरोबर शेकडो फेऱ्या, मग लहान जहाजांचा परवाना, मग टप्प्याटप्प्याने मोठी जहाजं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या 2003च्या ठराव ए.960मध्ये पायलटच्या प्रशिक्षणाची आणि दर पाच वर्षांच्या आत पात्रता पुन्हा तपासण्याची शिफारस आहे. धोकादायक अवस्थेतल्या जहाजाला सेवा नाकारण्याचा पायलटचा अधिकारही त्याच ठरावात नोंदलेला आहे. पायलटांच्या संघटनांसाठी हे कलम फार मोलाचं आहे.

संघटना कोणत्या, आणि त्यांचे आकार वेगळे का?

जगभरच्या पायलटांची मुख्य संघटना म्हणजे इंटरनॅशनल मेरिटाइम पायलट्स असोसिएशन, इम्पा. स्थापना 1970, कार्यालय लंडनला. लंडनच का, तर आयएमओ तिथे आहे. आयएमओत देश सदस्य असतात आणि मत देशांचं असतं, पण सल्लागार दर्जा असलेल्या संघटना बैठकीत बसू शकतात, कागद मांडू शकतात, बोलू शकतात. इम्पाला तो दर्जा आहे. युरोपच्या पायलटांची वेगळी संघटना 1963पासून आहे. अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना तर 1884ची.

देशागणिक पायलटची नोकरी वेगळी, त्यामुळे संघटनेचा चेहराही वेगळा. भारतातल्या मोठ्या बंदरांत पायलट बहुतेक करून बंदर प्राधिकरणाचे अधिकारी असतात, म्हणून इथे संघटनेला वेतनश्रेणी, बढती, ड्युटीचा तक्ता हेही प्रश्न हाताळावे लागतात. जर्मनीत पायलटांची स्वतःची, कायद्याने मान्यता दिलेली मंडळं आहेत. नेदरलँड्समध्ये 1988पासून सरकारी सेवा जाऊन पायलट स्वतःच संस्था चालवतात. अमेरिकेत प्रत्येक किनारी राज्य परवाना देतं आणि त्या बंदराचे पायलट एकत्र येऊन लॉन्च, स्टेशन, पाळ्या सगळं सांभाळतात. पद्धती इतक्या भिन्न असूनही एका विषयावर हे सगळे एका सुरात बोलतात. तो विषय म्हणजे शिडी.

शिडी, अगदी जवळून

दोरीची शिडी ऐकून साधी वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक सेंटीमीटर ठरलेला आहे. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाचव्या प्रकरणाचा 23वा नियम, आयएमओचा ठराव ए.1045 आणि आयएसओ 799 हे मानक मिळून तो ठरवतात.

पायऱ्या कठीण, गाठ नसलेल्या लाकडाच्या. दोन बाजूच्या दोरांमध्ये किमान 400 मिलिमीटर मोकळी जागा, पायरीची रुंदी किमान 115 आणि जाडी 25 मिलिमीटर. दोन पायऱ्यांमधलं अंतर 310 ते 350 मिलिमीटर, सगळीकडे सारखं. अगदी खालच्या चार पायऱ्या रबराच्या चालतात, कारण लॉन्च त्यांच्यावर आदळते. खालून पाचवी पायरी स्प्रेडर असते, म्हणजे किमान 1.8 मीटर लांबीची आडवी फळी, आणि नंतरच्या दोन स्प्रेडरमध्ये जास्तीत जास्त आठ पायऱ्या. तिचं काम एकच: शिडीला पीळ बसू न देणं. बाजूचे दोर किमान 18 मिलिमीटर जाडीचे मनिला, म्हणजे नैसर्गिक धाग्याचे, किंवा तितक्याच ताकदीचे, आणि प्रत्येक दोराने 24 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ अडीच टन, भार पेलला पाहिजे. पायऱ्यांना रंग लावायचा नाही. रंग चढला की चीर झाकली जाते आणि पाय घसरतो.

पायलटने चढायची उंची दीड मीटरपेक्षा कमी नको आणि नऊ मीटरपेक्षा जास्त नको. नऊ मीटरच्या वर डेक असेल तर गँगवे, म्हणजे जहाजाच्या बाजूला तिरका सोडलेला जिना, आणि शिडी अशी जोडरचना करावी लागते. गँगवे मागच्या दिशेला उतरता, 45 अंशांपेक्षा जास्त तिरका नको, त्याचा खालचा प्लॅटफॉर्म पाण्यापासून किमान पाच मीटर वर. शिडी त्या प्लॅटफॉर्मच्या वर किमान दोन मीटर गेलेली हवी, म्हणजे पायलट वर उभा राहून आडवं पाऊल टाकू शकतो. शिडी आणि गँगवे दोन्ही जहाजाच्या अंगाला घट्ट बांधलेले हवेत.

याच जोडरचनेत एक घातक प्रकार आहे. काही जहाजांवर गँगवेच्या प्लॅटफॉर्मला मधोमध झडप असते आणि पायलट त्या भोकातून वर येतो. नियमाप्रमाणे शिडी त्या भोकातून वर काढून हात धरण्याच्या उंचीपर्यंत न्यायची असते. कित्येक जहाजांवर ती प्लॅटफॉर्मच्या खालच्या बाजूला टांगलेली आढळते. मग पायलट शेवटच्या पायरीवर येतो आणि वर धरायला काही नसतं. खांद्यावर पिशवी, अंगात लाइफ जॅकेट, खाली समुद्र, आणि त्याला हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढून घ्यावं लागतं. 30 डिसेंबर 2019ला न्यूयॉर्कच्या सँडी हूक पायलटांपैकी एक अनुभवी पायलट अशाच झडपेच्या रचनेवरून पडून दगावला. आठ महिन्यांच्या आत त्याच बंदराचा आणखी एक पायलट जहाजावर चढताना पडून गेला.

शिडी बांधण्याची जागा हा दुसरा कळीचा मुद्दा, आणि इथे चांगल्या नियतीचे खलाशीही चुकतात. शिडी पूर्ण लांबीची असते, पण जहाज भरलेलं असलं की अर्धीच सोडावी लागते. उरलेली शिडी डेकवर गोळा होते आणि तिचा भार अधल्यामधल्या जागी कशाला तरी अडकवायला हवा. सोपा उपाय म्हणून खलाशी एखादी पायरी लोखंडी पट्टीच्या मागे अडकवतात किंवा बाजूच्या दोराला शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, घालून पायरीखाली अटकाव देतात. दिसायला मजबूत. पण आता सगळा भार दोरावर न राहता पायरीवर आणि तिला जागेवर धरणाऱ्या बारीक सुतळीच्या बांधणीवर येतो, आणि ती बांधणी माणसाचा भार पेलण्यासाठी केलेलीच नसते. ती सरकली की शिडी एका झटक्याने पायरीभर खाली येते. त्या झटक्यात हात सुटतो. बरोबर पद्धत अशी: दोन वेगळे दोर घ्यायचे, तेही 24 किलोन्यूटनचे. प्रत्येक दोर बाजूच्या दोराला रोलिंग हिचने, म्हणजे ओढाल तशी आवळत जाणाऱ्या गाठीने बांधायचा आणि दुसरं टोक डेकच्या पक्क्या कड्याला. भार दोराकडून दोराकडे जातो, पायरी मधे येत नाही.

दोर आतून कुजतो, हेही लक्षात ठेवायला हवं. उन्हात आणि खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने पडलेला मनिला बाहेरून राखाडी, पण ठीकठाक दिसतो. पीळ उलटा फिरवून धागे उघडले की आतून तपकिरी भुगा पडतो. तो दोर संपला. रसायनं आणि इंजिनाच्या धुराची काजळीही त्याला खाते. म्हणून शिडी सावलीत, कोरड्या हवेशीर जागी, डेकपासून उचलून ठेवायची असते. बहुतेक जहाजांवर ती कठड्याजवळ ताडपत्रीखाली सापडते.

आता पायलट प्रत्यक्ष कसा चढतो ते बघू. जहाज वाऱ्याआड बाजू करून देतं. लॉन्च लाटेबरोबर वर-खाली होत असते, कधी दोन मीटर. लॉन्च लाटेच्या माथ्यावर असतानाच शिडीवर पाऊल टाकायचं, कारण त्यानंतर ती खाली जाते. लाटेच्या तळाला असताना शिडी धरली तर पुढच्या क्षणी लॉन्च वर येऊन पाय चेपते. मग दोन-तीन पायऱ्या पटकन वर. हात पायऱ्यांना नको, बाजूच्या दोरांना. शिडीचं खालचं टोक लॉन्चमध्ये अडकू नये म्हणून पाण्यापासून किती वर ठेवायचं ते पायलट आधीच रेडिओवर सांगतो. शिडी ओढून घेण्याचा दोर लॉन्चच्या वाटेत लोंबत असेल तर तो लॉन्चच्या रेलिंगला गुंततो आणि लॉन्च बाजूला होताना पायलटसकट शिडी खेचते. म्हणून तो सगळ्यात खालच्या स्प्रेडरच्या वर बांधायचा आणि जहाजाच्या पुढच्या दिशेला न्यायचा. वर पोहोचल्यावर कठड्यापाशी दोन उभे खांब हवेत, 70 ते 80 सेंटीमीटर अंतरावर आणि कठड्याच्या वर किमान 1.2 मीटर. तिथे एक अधिकारी ब्रिजशी बोलू शकणाऱ्या रेडिओसह उभा हवा, शेजारी आपोआप पेटणाऱ्या दिव्याचं लाइफबॉय. हा अधिकारी हजर नसतो, हा तर अनेक देशांच्या पायलटांच्या तक्रारीतला ठरलेला मुद्दा आहे.

तक्रारीपासून कायद्यापर्यंत

एका पायलटची तक्रार जहाजाबरोबर निघून जाते. जहाज सहा तासांत माल उतरवून दुसऱ्या देशाला लागतं. इम्पाने यावर काढलेला मार्ग म्हणजे दरवर्षीची सुरक्षा मोहीम. ठरावीक दिवसांत जगभरचे पायलट प्रत्येक चढण्या-उतरण्याची नोंद एकाच नमुन्यात करतात: जहाजाचा प्रकार, रचना, काय बरोबर, काय चूक. वर्षानुवर्षे निकाल जवळपास सारखा आहे. दर शंभरातल्या दहा ते वीस रचना नियमाबाहेर असतात. लिफ्ट वापरणाऱ्याला जर सांगितलं की सातातली एक लिफ्ट सदोष असते, तर तो जिन्याने जाईल. पायलटला जिना नसतो.

पण नुसते आकडे देऊन आयएमओ हलत नाही. एखाद्या सदस्य देशाने प्रस्ताव मांडावा लागतो, तो सागरी सुरक्षा समितीकडून तांत्रिक उपसमितीकडे जातो, तिथे शब्दाशब्दावर चर्चा होते, मग परत समितीकडे. वर्षं जातात. या सगळ्या फेऱ्यांत ज्याने स्वतः शिडी चढलेली आहे असा माणूस खोलीत असणं, हे संघटनेचं खरं काम. जून 2025मध्ये समितीच्या 110व्या बैठकीत 23व्या नियमातली मोठी सुधारणा मंजूर झाली. ती 1 जानेवारी 2028पासून लागू होईल. आजवर ज्या बाबी ठरावात ‘असावं’ या स्वरूपात होत्या, त्या आता सक्तीच्या मानकात आल्या आहेत. सगळ्यात थेट बदल शिडीच्या वयाचा: बनवल्यापासून 36 महिने किंवा वापरात आल्यापासून 30 महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शिडी आणि हाताचे दोर, म्हणजे चढताना धरायला शिडीच्या दोन्ही बाजूंना सोडलेले जाड दोर, बाद करायचे. ‘दिसायला तर चांगली आहे’ हा वाद तिथे संपेल.

युरोपीय संघाच्या 2009च्या बंदर-तपासणी निर्देशात पायलटने जहाजावरचे दोष कळवणं हे कर्तव्यच केलं आहे, आणि त्यावरून तपासनीस जहाजावर जाऊ शकतो. भारतात ही तपासणी नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. नियम कागदावर असले तरी पायलटने लिहून दिलेल्या दोषाचं पुढे काय झालं ते त्याला परत कळवलं जातं का, यावर त्या नियमाचं बळ ठरतं. जिथे कळवलं जात नाही तिथे पायलट काही महिन्यांत लिहायचं सोडून देतात.

स्पर्धा, दर आणि नकाराची किंमत

जहाज कंपन्यांची पायलटांच्या संघटनांवर एक जुनी टीका आहे: एका बंदरात एकच सेवा, मग दर कसे उतरणार? प्रश्न रास्त आहे, आणि दर कसे ठरतात ते उघड असायलाच हवं. पण पर्याय म्हणून दोन-तीन पायलट कंपन्यांत स्पर्धा लावली की काय होतं ते बघा. कमी टग घेऊन काम करणारा, जास्त वाऱ्यात जहाज आत आणणारा आणि शिडीकडे काणाडोळा करणारा पायलट स्वस्त पडतो. ग्राहक त्यालाच पुन्हा बोलावतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनारी पाण्यात, ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात, 1993पासून खासगी स्पर्धा आली. 2012 साली तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने या सेवेचा खोलवर तपास करून तिच्या सुरक्षा व्यवस्थेतल्या उणिवांवर बोट ठेवलं. ज्याला पैसे मिळतात त्यालाच नाही म्हणायचं असेल, तर त्याचं पोट त्या ग्राहकाच्या मर्जीवर नसावं, ही संघटनांची भूमिका आम्हाला पटते.

जबाबदारीचा प्रश्नही असाच नाजूक. ब्रिटनच्या 1987च्या पायलटेज कायद्यात पायलटची वैयक्तिक आर्थिक जबाबदारी 1,000 पौंड आणि त्या फेरीचं शुल्क एवढीच ठेवली आहे. कारण सरळ आहे. दहा हजार कोटींचं जहाज आणि माल यांची भरपाई कुणाच्या पगारातून होत नाही, आणि ती भीती डोक्यावर असेल तर माणूस चांगला निर्णय घेत नाही.

पण संघटनांनी आपल्या माणसाच्या चुकांवर पांघरूण घालावं असा याचा अर्थ नव्हे. 7 नोव्हेंबर 2007ला दाट धुक्यात कॉस्को बुसान हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर तेल खाडीत गेलं. तपासात पुढे आलं ते असं: पायलट घेत असलेल्या औषधांमुळे त्याची आकलनशक्ती मंदावली होती, आणि त्याच्यात व कॅप्टनमध्ये धड बोलणंच झालं नव्हतं. पायलटला दहा महिन्यांची कैद झाली. गुन्हेगारी खटल्यांमुळे पायलट आणि खलाशी अपघातानंतर तोंड उघडत नाहीत, ही संघटनांची काळजी खरी आहे. त्याचबरोबर वैद्यकीय तपासणी कडक ठेवणं, आणि औषध चालू असताना कामावर येऊ नका असं आपल्याच सहकाऱ्याला सांगणं, हेही त्यांचंच काम आहे. ते सोपं नाही.

याउलट 26 मार्च 2024ची रात्र. अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून निघालेल्या डाली या 300 मीटर लांबीच्या जहाजाची वीज गेली. वाटेतल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाला धडकायला जेमतेम चार मिनिटं उरली होती. ब्रिजवरच्या पायलटने सुकाणू वळवलं, नांगर टाकायला लावला, टग मागितले आणि आपल्या नियंत्रण कक्षाला पूल बंद करायला सांगितलं. पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार वाचू शकले नाहीत, पण त्या क्षणी पुलावर वाहतूक नव्हती. जहाजावरचे खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते. नंतरच्या तपासात कारण सापडलं ते एका तारेवरच्या लेबलचं: ते लेबल चुकीच्या जागी बसल्याने तार टर्मिनलमध्ये पूर्ण शिरलीच नव्हती आणि सैल राहिली होती. पायलटला नियंत्रण कक्षाचा आणि कक्षाला पोलिसांचा नंबर ठाऊक असणं हे स्थानिक ज्ञान कोणत्याही नकाशात सापडत नाही.

आणखी काही काळज्या आहेत. भरती रात्री दोनला असेल तर काम रात्री दोनला. आठवडाभर पाळ्या अशा सरकत राहिल्या की झोप पुरी होत नाही, आणि पहाटेच्या वेळी मेंदू सगळ्यात सुस्त असतो. पायलट आपल्यासोबत नेतात तो टॅब्लेट जहाजाच्या प्लगला जोडला की कधी कधी जहाजाची दिशाच चुकीची दाखवतो, कारण जोडणीच चुकीची केलेली असते. म्हणून स्वतःचा अँटेना बाळगणं बरं. फिनलंडने 2019मध्ये किनाऱ्यावरून दूरस्थ पायलटिंगच्या प्रयोगांना कायद्याने वाट दिली. शिडीच चढायची नाही म्हटल्यावर ते आकर्षक वाटतं, पण कंप, वाऱ्याचा बदललेला आवाज आणि सुकाण्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पडद्यावर दिसत नाही.

शेवटी, जहाजांवर काम करणाऱ्या वाचकांसाठी. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं आज डेकवर आहेत, आणि शिडी तीच बांधतात. पायलट यायच्या तासभर आधी ती डेकवर पसरा. पायऱ्या आडव्या सरळ आहेत का, एखादी तिरपी झाली आहे का, हाताने हलवून बघा. दोराचा पीळ दोन-तीन ठिकाणी उघडा. दोनपेक्षा जास्त पायऱ्या वेगळ्या पद्धतीने बदललेल्या असतील तर ती शिडी सोडू नका. प्रमाणपत्रावरचा क्रमांक शिडीवरच्या पट्टीशी जुळतो का पाहा. शॅकल बाजूला ठेवा आणि रोलिंग हिच बांधा. हाताचे दोर 28 ते 32 मिलिमीटरचे, डेकच्या कड्याला बांधून तयार ठेवा. पायलट मागेल तेव्हा सोडायला ते हाताशी हवेत. रात्र असेल तर दिवा शिडीवर आणि खालच्या पाण्यावर पडू द्या, लॉन्चच्या सारंगाच्या डोळ्यांत नको. मग स्वतः कठड्यावरून वाकून खाली बघा. शिडी जहाजाच्या अंगाला सपाट टेकलेली असेल आणि शेजारून पाणी बाहेर पडणारं भोक नसेल, तर ब्रिजला कळवा की शिडी तयार आहे.